अळणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात पाणी आहे का ते मी नखावर थेंब घेऊन बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं, तर ह्याला आपल्याकडून काय हवंय ते आधी शोधते. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मी शाळेत शिक्षिका झाले आणि जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या. त्या कामात माझा कधी अंदाज चुकला नाही, आणि त्याचीच मला घमेंड होती.

माझ्या धाकट्या भावानं कॉलेजातल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी कोल्हापुरातलीच, शिवाजी पेठेतली. त्यांच्या घरात बुधवार आणि रविवार मटणाशिवाय जात नसे. आमचं घर लिंगायत, उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, कर्नाटकच्या सीमेकडची माणसं आम्ही. अव्वा गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. लग्नाला हो म्हणताना तिनं सुनेला एकच अट घातली. "माहेरी काय खायचं ते खा. ह्या घरात न्हाय." मुलीनं मान डोलावली. ती मान जरा जास्तच पटकन डोलली, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका पावसाळ्यात अव्वाचं ब्लडप्रेशर वाढलं, पाय सुजले. त्यातच उरलेले दात काढावे लागले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना म्हणाले, "महिनाभर मऊ, पातळ आणि अळणी द्या." अळणी म्हणजे बिनमिठाचं. अव्वाला मिठाशिवाय घास उतरत नसे. पहिल्या दिवशीची आमटी तिनं वाटीसकट भिंतीकडे सरकवली. "असलं खाण्यापरास उपाशी मरतो," म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल करतो-जातो असंच बोलतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते.

माझं सासर चार गल्ल्या पलीकडे. शाळा सुटली की मी थेट माहेरी जायची. तिसऱ्या दिवशी गेले तर अव्वा पलंगावर बसून वाटीतून काहीतरी पांढरं पीत होती. दाट, वाफाळतं, वर मिरपूड.

"हे काय?" मी भावजयीला विचारलं.

"चावडर हाय वन्सं. कुकिंगच्या क्लासात शिकवलेलं. मका, बटाटा, गाजर, दूध."

"चावडी?"

"चावडी न्हवं वो, चावडर."

खायच्या वस्तूला असलं सरकारी नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. अव्वानं तोवर वाटी पुसून संपवली आणि आणखी मागितलं. इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. चव नसेल तर अव्वा तोंड लावत नाही. मीठ तर घालायचं नाही. मग ही चव कशाची?

कोल्हापुरात पांढरं, दाट, मिऱ्यांचा वास येणारं वाटीतलं गरम काहीतरी म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. पांढरा रस्सा. मटण शिजवलेल्या पाण्यात नारळाचं दूध घालून करतात तो. मी जन्मात चाखलेला नाही, पण ह्या गावात नाक बंद करून कुणी राहू शकत नाही. खानावळीवरून गेलं की तो वास पदराला चिकटून घरी येतो.

मी हळू आवाजात विचारलं, "मीठ घातलंस का ह्यात?"

तिनं अव्वाकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे की वन्सं."

असू दे म्हणजे काय? हो की नाही? परीक्षेत बाकाखाली काय आहे विचारलं की पोरं असंच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. ती एका मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवून तासभर काहीतरी उकळायची. मका शिजायला तास लागत नाही, एवढं मलाही कळतं. विचारलं तर म्हणाली, "स्टॉक हाय." भावाची गुळाची अडत, त्यामुळे स्टॉक म्हणजे गोदामातला माल एवढंच मला ठाऊक. शाळेतला मोठा इंग्रजी शब्दकोश काढून बघितला. त्यात लिहिलं होतं, हाडं, मांस वगैरे उकळून काढलेलं सार. वगैरेत काय येतं ह्याचा मी विचारच केला नाही. शब्दकोश मिटला आणि स्टाफरूममध्ये तशीच बसून राहिले.

पातेल्यातला थेंबभर चाटून बघितला असता तर प्रश्नच मिटला असता. पण हिंमत होईना. समजा, खरंच निघालं तर? मग माझं काय?

म्हणून कचऱ्याचा डबा बघितला. त्यात बटाट्याची सालं, कांद्याची टरफलं. हाडं नव्हती. हाडं नाहीत म्हणजे मटण नाही, असं सरळ माणसाला वाटलं असतं. मला वाटलं, बाहेर नेऊन टाकते. आणि खरंच, दिवेलागणीच्या आधी ती तोंड बांधलेली एक पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि मोकळ्या हातानं परत यायची. मी एकदा कोपऱ्यापर्यंत मागे गेले. पिशवीच्या तळाशी ओल आली होती, पाणी ठिबकत होतं. ती वळली आणि मी परत फिरले, कारण पुढं शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या.

मग फोनचा दिवस आला. फोन बाहेरच्या खोलीत होता. मी चपला काढत होते आणि ती आपल्या आईशी बोलत होती. "व्हय ग आई, रोज अळणीच देतो. पांढरं, दाट. लई आवडीनं पित्यात. न्हाय, कुणालाच सांगितलं न्हाय. कळलं तर हात लावायच्या न्हाईत की."

तिच्या माहेरच्या माणसांत अळणी म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. मटण शिजवलेलं, तिखट घालायच्या आधीचं पाणी. आजाऱ्याला, बाळंतिणीला ताकदीसाठी तेच देतात. आमच्या आळीत शेजारीपाजारी ऐकून मला तो शब्द पाठ होता. डॉक्टरनं अळणी सांगितलं आणि हिनं आपल्या घरचं अळणी चालू केलं. तेही चोरून.

तिला तिथंच विचारायला हवं होतं. मी सरळ आतल्या खोलीत गेले आणि अव्वाजवळ बसले.

"अव्वा, ती तुला काय घालालीय ठाऊक हाय? मटणाचं पाणी."

अव्वानं हातातली वाटी खाली ठेवली. तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला, पण तिनं त्याला बोट लावलं नाही, हात मध्येच थांबला. मग म्हणाली, "तू डोळ्यानं बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "खात्री हाय माझी."

हे वाक्य मी बोललेच, आणि आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

अव्वानं आरडाओरडा केला नाही. मोरीत जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. अंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या घरात शिजलेलं काही तिनं पुढं तोंडात घेतलं नाही. फक्त भावानं गवळ्यांच्या दूध कट्ट्यावरून, समोर धार काढून आणलेलं म्हशीचं दूध घेई, तेही अर्धा पेला. लिंगाची पूजाही करेना. "कुठल्या तोंडानं करू?" म्हणाली. ते ऐकून मी बाहेर येऊन रडले, पण सुनेच्या नावानं बोटं मोडतच रडले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अशानं ॲडमिट करावं लागेल. तेव्हा अव्वानं भावाला कारण सांगितलं. भावानं बायकोला माझ्यादेखत विचारलं. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"कोण म्हणालं हे?"

मी पंख्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. "वन्सं, आज शाळा बुडवा. घरी चला."

स्वयंपाकघरात तिनं माझ्यासाठी पाट मांडला. "हितं बसा. मी पाणी प्यायला गेलो तरी उठायचं न्हाय." पुढ्यात आठ कोवळी कणसं टाकली, गडमुडशिंगीहून येणाऱ्या बाईकडून घेतलेली. मी एकेक कणीस उलटंपालटं करून बघितलं. हो, बघितलं. संशय मेला नव्हता. आज माझ्यासमोर करून दाखवील, रोज काय करत होती कुणास ठाऊक, असं मी मनात म्हणत होते.

तिनं कणीस ताटात उभं धरून सुरीनं दाणे उतरवले. मग सुरीच्या पाठीनं कणसाचं उरलेलं दूध खरवडून घेतलं. निम्मे दाणे मिक्सरमधून भरड काढले, निम्मे अख्खे ठेवले. दाणे गेलेली कणसं मोडून मोठ्या पातेल्यात टाकली, वर अख्खा कांदा, तमालपत्र, मिरे, भरपूर पाणी, आणि झाकण.

"हे स्टॉक. कचऱ्याच्या डब्यात हाडं हुडकत होता न्हवं? हीच माझी हाडं." तिला कळलं होतं तर. डबा मी हलवलेला तिला दिसला होता. "शिजली की कट्ट्यावरच्या गवळ्याच्या म्हशीला नेऊन घालतो. पिशवीतनं."

तासाभरानं तिनं झाकण काढलं आणि तोच वास आला, जो मटणाचाच म्हणून मी पैज मारली असती. कणसांचा, कांद्याचा, मिऱ्यांचा वास. खानावळीचा वास मला कधी नीट माहीतच नव्हता.

मग लोणी, त्यात बारीक कांदा, त्यावर दोन चमचे मैदा. मैद्याला रंग येऊ न देता ती परतत राहिली. थोडं थोडं दूध ओतत गुठळी होऊ नये म्हणून घाटत राहिली. मग स्टॉक गाळून घातला. बटाट्याच्या फोडी, गाजर, घेवडा, शेवटी सगळा मका. बटाटा शिजून कडा विरघळल्या तसं ते दाट झालं. मिरपूड घातली. मिठाच्या डब्याला तिनं हात लावला नाही.

"फोनवर तू अळणी म्हणालीस," मी म्हणाले. शेवटचं हेच उरलं होतं. "तुझ्या आईला. कुणाला सांगितलं नाही म्हणालीस."

ती डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर अळणी म्हणालते न्हवं? बिनमिठाचं. आत्याबाई बिनमिठाचं ढकलून देत्यात, म्हणून मीठ हाय असं खोटं सांगितलं त्यास्नी. तुम्ही मीठ घातलंस का विचारलं तवा त्या ऐकालत्या, काय बोलू? मका गोड असतोय, मिरं जिभेला लागतंय, मीठ न्हाय ते कळत न्हाय. म्हणून हे हुडकून काढलं." तिनं गॅस बारीक केला. "ह्या घरात आल्यापासनं अळणी म्हंजे बिनमिठाचं, असंच म्हणतो वन्सं मी. माहेरीसुद्धा. आई हसती मला."

तिनं आमचा शब्द घेतला होता, आणि मी तिच्या माहेरचा शब्द तिच्या तोंडात घालून बसले होते. तोंडात मारल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, पण ती वाट्या काढत होती.

अव्वाच्या खोलीत तिनं पातेलंच नेलं. मी मागोमाग. अव्वाला मी म्हणाले, "अव्वा, माझी चूक झाली. पहिल्यापासनं शेवटपर्यंत बसून बघितलं मी. मका हाय नुसता." अव्वानं माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. ह्या वेळी कुणाचं खरं मानायचं, हे तिला ठरवता येईना, आणि तशी वेळ तिच्यावर मीच आणली होती.

सुनेनं पातेल्यातलं थोडं दुसऱ्या वाटीत घेतलं आणि सासूच्या समोर उभ्याउभ्या आधी स्वतः प्यायली. आमच्या घरात मोठ्यांच्या आधी कुणी तोंड लावत नाही. तिला ते ठाऊक होतं. वाटी खाली ठेवून तिनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि म्हणाली, "लग्नापासनं मी माहेरीबी खाल्लेलं न्हाय, आत्याबाई. तुम्ही खा म्हणालता तरी."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

अव्वानं हात पुढं केला. वाटी घेतली, एक घोट घेतला, थांबली. "मीठ घातलंयस न्हवं?"

"घातलंय की," सून म्हणाली.

"घातलंय," मी म्हणाले. "मी बघितलं."

अव्वा दोन वाट्या प्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेची घंटा वाजली, असं भाऊ म्हणाला. त्यानंतर अव्वा आठ वर्षं जगली. सुनेच्या हातचंच खाऊन जगली.

पण त्या दिवसापासून भावजयीनं मला कधी काही वाढलं, की आधी त्याच भांड्यातलं चमचाभर स्वतः घेते. चहा असो, आमटी असो. रागानं नाही, टोमणाही मारत नाही, मुलांच्या चौकशा करता करता घेते, गिळते आणि मग माझी वाटी भरते. अव्वा गेल्यावर वाटलं, आता थांबेल. परवा गेले होते. तिनं चावडर केलं होतं, मला आवडतं म्हणून. पातेल्यातून चमचा भरला, माझ्याकडे बघत प्यायली, मग माझ्यासमोर वाटी ठेवली. "नको ग असं करू," एवढं मला इतक्या वर्षांत म्हणता आलेलं नाही. मी मान खाली घालून प्यायले.