घाबरट फोटोग्राफर आणि अण्णांची लेन्स

चार फोटोग्राफर एकत्र बसले की चांगल्या आलेल्या फोटोंबद्दल कोणीच बोलत नाही. चांगले फोटो लोकांच्या अल्बममध्ये जातात आणि अल्बम कपाटात जातात. आमच्याकडे उरतात ते हुकता हुकता वाचलेले प्रसंग. ते कुणी मागत नाही, परतही नेत नाही, त्यामुळे साठत राहतात. आज सांगताना आम्ही पोट धरून हसतो, पण घडत होतं तेव्हा हातपाय गार पडलेले असायचे.

शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर अण्णांचा स्टुडिओ होता. संध्याकाळी आमची बैठक तिथंच. अण्णा वयानं सगळ्यांत मोठे. संजू वारणानगरचा, तिकडच्या शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम करायचा. दाजी चंदगडचे, सामान घ्यायला एसटीनं आले की रात्रीपर्यंत हलायचे नाहीत. आणि चौथा मी, मिलिंद कांबळे. स्वभाव मुळातच भित्रा. लग्नाच्या आदल्या दिवशी मला अजून जेवण जात नाही. हार एकदाच घालतात हो. तो फोटो हुकला तर नवरदेवाला "काढा आणि परत घाला" असं कुठल्या तोंडानं सांगणार?

पण आमची सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा अण्णांना काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलाच. डाव्यात थेंब घालायचे आणि उरलंय तेवढं सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांनी आम्हा तिघांना दार लावून ही गोष्ट सांगितली आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं. आंधळ्या फोटोग्राफरला कोण बोलावणार? घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांची मनीषा तेव्हा आठवीत होती.

"तिच्या लग्नातला एक फोटो माझ्या हातनं व्हायला पायजे," ते म्हणाले. "तवर ह्यो डोळा टिकला म्हंजे बास."

त्या दिवसापासून अण्णा जिना उतरायला लागले की आमचा जीव वरखाली व्हायचा.

*

पहिला किस्सा दाजींचा, कारण तो सांगितल्याशिवाय ते दुसऱ्याला बोलू देत नाहीत.

चंदगडचा पाऊस म्हणजे भिंतीला ओल, कपड्यांना वास आणि लेन्सला बुरशी. काचेच्या आत पांढरं जाळं धरतं आणि मग फोटोत सगळी माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसतात. यावर दाजींचा उपाय म्हणजे तांदूळ. लेन्स फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात खोल पुरायची, तांदूळ ओल ओढून घेतो.

एका पावसाळ्यात गावात महाप्रसाद होता. वहिनींनी घरचा वाटा म्हणून डबा उचलून देवळात पाठवला. दाजी जेवायला घरी आले, डबा नाही म्हटल्यावर तसेच चिखलातून देवळाकडे पळाले. तोवर चुलाणावर कढई चढलेली, भात रटरटतोय.  धापा टाकत दाजींनी आचाऱ्याला सांगितलं की माझी लेन्स आत आहे.

आचाऱ्यानं झारा एकदा फिरवला. "दाजी, बसा की जरा," तो म्हणाला. "शिजली की वर येईल."

लेन्स सापडली ती न शिजवलेल्या तांदळाच्या पोत्यात. पण ती हातात येईपर्यंत दाजींनी कढईतला भात घमेल्यात उपसून काढला होता, आणि गावानं त्या दिवशी उशिरा जेवताना त्यांना काय काय ऐकवलं ते दाजी आजही पूर्ण सांगत नाहीत.

*

पावसाळा संपला की आम्ही सगळे आपापल्या लेन्स घेऊन अण्णांच्या गच्चीवर जायचो. ऑक्टोबरच्या उन्हात चादरीवर लेन्स मांडायच्या, पापडासारख्या फिरवायच्या, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवत चहा प्यायचा.

अण्णांची एक पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. तरुणपणी घेतलेली, पितळ दिसायला लागलेली. निम्म्या शाहूपुरीचे चेहरे तिनं टिपले होते. तिला खालून वारा लागावा म्हणून अण्णांनी ती दोन विटांवर ठेवली. शेजारच्या काकूंनी त्यांची कापसाची गादी तिथंच वाळत टाकली होती, आणि आमची चादर त्या गादीवरच अंथरली गेलीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही गप्पांत रंगलेलो, एवढ्यात अण्णांनी नाक वर केलं. कापूस जळल्याचा वास येत होता. लेन्समधून उतरलेलं ऊन एका टिकलीएवढं होऊन चादरीतून गादीत शिरलं होतं आणि धूर निघत होता. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठं तो थांबला.

काकू वर आल्या आणि गादीचं भोक बघून म्हणाल्या, "फोटो काढताय का गल्ली पेटवताय?"

आम्ही हसलो. अण्णा मात्र लेन्स पुसत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "मिलिंद, हिच्यातनं मी एवढी वर्षं डोळा लावून बघतोय रं."  डॉक्टरांनी काचबिंदूचं कारण वेगळं सांगितलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी पुढचे कितीतरी दिवस मी कॅमेऱ्याला डोळा लावताना आधी सूर्य कुठं आहे ते बघायचो.

*

मग डिजिटल आलं. मनीषा शिकून शिक्षिका झाली, तिचं लग्न ठरायच्या वाटेवर आलं, आणि अण्णांचा डावा डोळा इतका मंदावला की कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून त्यांना माणूस आणि पडदा यांतला फरक कळेना. लग्नाची कामं मी आणि संजू त्यांच्या नावानं करायला लागलो. गिऱ्हाइकासमोर ते नुसते उभे राहायचे.

अशात संजूच्या मेव्हण्यानं सिंगापूरहून एक कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा. मोठ्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो, तो समोरचं दृश्य वर खिडकीत पाठवतो. यात आरसाच नव्हता. सरळ मागच्या पडद्यावर बघायचं. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये धातूची एक गोल कडी घातली की कुठलीही जुनी लेन्स यावर बसते, असं मेव्हण्यानं सांगितलं होतं. आणि पडद्यावरचं चित्र नीट दिसत नसेल तर एक बटण दाबून मोठं करता यायचं.

अण्णांनी कॅमेरा नाकाजवळ धरला, संजूच्या तोंडाकडे रोखला आणि बटण दाबलं. संजूची पापणी पडद्यावर केरसुणीएवढी झाली.

"दिसतंय," अण्णा म्हणाले. "आयला, दिसतंय की."

दाजींनी डोळे पुसले. मला खरं सांगायचं तर त्या आनंदाचीच धास्ती वाटली. एवढी आशा लागलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

*

कॅमेरा संजूनं अण्णांकडेच ठेवला, आणि त्यावर आपली जुनी पन्नासचीच लेन्स बसवायची असं अण्णांनी ठरवलं. कडी विकत मिळत होती, पण ती परदेशातून मागवावी लागणार. इतकं थांबायला अण्णा तयार नव्हते. आपल्याकडं कारखान्यांचं उद्यमनगर असताना बाहेर कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी आम्हाला लेथवाल्या इनामदार चाचांकडे नेलं. चाचांनी आयुष्यभर पंपाचे भाग कातले होते. त्यांनी लेन्स बघितली, कॅमेरा बघितला आणि विचारलं, "पावणं, हिच्यातनं कुठवर दिसायला पायजे?"

संजूनं पुस्तकी उत्तर दिलं. म्हणाला, "अनंतापर्यंत."

चाचांनी चष्मा काढला. "तेवढी ग्यारंटी न्हाय देत आपण. रंकाळ्यापतोर बघू."

कडी अगदी देखणी झाली. अण्णा ती कॅमेऱ्यावर चढवून एकटेच रंकाळा तलावावर गेले. संध्याकाळी मी स्टुडिओवर गेलो तर ते जिन्यातच बसलेले, कॅमेरा मांडीवर. जवळचा माणूस दिसतोय, म्हणाले, पण जरा लांबचं काहीच दिसत नाही. पडदा मोठा करून बघितलं, लेन्स शेवटपर्यंत फिरवून बघितली. नुसता धूर.

"संपलं बग," ते म्हणाले. "डोळा गेला."

मी त्यांच्या शेजारी बसलो.  संजू आला, त्यानं आमचे चेहरे पाहिले, काही न विचारता कॅमेरा उचलला आणि जिन्याच्या दारातून समोरच्या दुकानाच्या पाटीवर धरला. लेन्स फिरवली. पुन्हा फिरवली. आणि एकदम ओरडला, "अण्णा, मलाबी दिसत न्हाय!"

मी बघितलं. मलाही दिसत नव्हतं. कडी केसभर जाड झाली होती, त्यामुळे दहा-बारा फुटांपलीकडचं सगळं धूसर. तिघंही आंधळे निघालो म्हणून शाहूपुरीच्या त्या जिन्यात आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो, आणि खालून जाणारी माणसं थांबून बघत होती.

*

कडी घासून पातळ झाली, लांबचं दिसायला लागलं, आणि दुसरीच भानगड पुढे आली. नव्या कॅमेऱ्यावर ती पन्नासची लेन्स शंभरची असल्यासारखी वागायची. म्हणजे जिथून पूर्वी पूर्ण जोडपं मावायचं, तिथून आता नुसता नवरा मावायचा.

हे कळण्याआधी संजू अण्णांकडून कॅमेरा घेऊन एका लग्नात गेला. दोन्हीकडची माणसं एका फोटोत घ्यायची म्हणून मागं सरकत राहिला. खुर्च्या संपल्या, दार संपलं, व्हरांडा संपला. डोळा पडद्यावर, पाय मागे. शेवटी कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कपाळाला गंध लावलं. तो समोरच्या कार्यालयात, दुसऱ्याच लग्नात पोचला होता, आणि त्यांनी वराकडचा समजून त्याला पंगतीला बसवला.

त्या कॅमेऱ्याची दुसरी अडचण म्हणजे त्याला कोणी मान देईना. वारणानगरच्या एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी संजूला विचारलं की खरा फोटोग्राफर कधी येणार. तेव्हापासून संजू एक जुना फिल्मचा मोठा कॅमेरा रिकामाच गळ्यात अडकवून जातो, त्याचा फ्लॅश उडवतो आणि फोटो लहान्यानं काढतो. मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो एखादे दिवशी कुणी मागेल, या भीतीनं तो अजूनही कार्यक्रम संपला की सगळ्यांत आधी पळतो.

*

मनीषाचं लग्न ठरलं. आमच्यात एक रीत होती. ज्याच्या घरचं कार्य, त्यानं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फोटो बाकीच्यांनी काढायचे. अण्णांनी ती मान्य केली, पण एका फोटोपुरती सूट मागितली. कोण नाही म्हणणार होतं?

त्याच सुमारास इनामदार चाचांनी मला एक गोष्ट सांगितली. अण्णांनी त्यांच्याकडून लेन्सच्या फिरत्या कडेवर कानशीनं एक खाच करून घेतली होती, अंगठ्याला लागेल अशी. अंगठा खाचेवर टेकला की सहा फुटांवरचंच स्पष्ट येणार. म्हणजे आता पडद्यावर मोठं करूनही भागत नव्हतं. मी हे संजूला सांगितलं नाही, दाजींनाही नाही. एकट्यानंच घाबरत राहिलो.

लग्नाच्या सकाळी मांडवात गर्दी व्हायच्या आधी अण्णांनी मनीषाला कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं केलं. हळदीची पिवळी बोटं, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. अण्णांनी नवा फेटा बांधला होता. कॅमेऱ्याला त्यांनी एक सुतळी बांधली होती, सहा फुटांची. दुसरं टोक त्यांनी लेकीच्या हातात दिलं आणि हनुवटीला लावायला सांगितलं. ते मागं मागं गेले, सुतळी ताणली जाईपर्यंत. अंगठा खाचेवर होता.  मी भिंतीला टेकून उभा होतो.

"सोड सुतळी. हास," अण्णा म्हणाले.

ती हसली. त्यांनी बटण दाबलं. पडद्याकडे न बघताच कॅमेरा माझ्याकडे केला.

"मिलिंद, बग रं. शार्प हाय का?"

मी बघितलं. पडदा काळा होता. पूर्ण काळा. लेन्सवरचं टोपण काढलेलंच नव्हतं.

अण्णा माझ्या उत्तराची वाट बघत होते, चेहरा माझ्या जरा डावीकडे रोखून.  बांगड्या वाजल्या. मनीषा चालत जवळ आली होती. तिनं माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "डोळं मिटलं की माझं. परत काढा एक."

बोलता बोलता तिनं टोपण काढलं, माझ्या मुठीत दाबलं आणि कॅमेरा वडिलांच्या हातात दिला.

"ल्हानपणापास्नं हीच खोड हाय हिची," अण्णा मला म्हणाले. "जा, उभी ऱ्हा. हलू नको आता."

ती खिडकीपाशी गेली आणि सुतळीचं टोक पुन्हा हनुवटीला लावलं.