रोहतांगच्या धुक्यात

लोकरीच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास आला, की मी थेट रोहतांगच्या बर्फात पोचतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, लग्न नवीन होतं. सकाळी मनालीचं जुनं लाकडी देऊळ पाहिलं आणि दुपारी रोहतांगला, जन्मात बर्फ न पाहिलेला मी, बायकोला ऐटीत म्हणालो, "इथंच थांब, घसरून दाखवतो." घसरलो तो पार खाली. वर चढेपर्यंत धुकं उतरलं. सगळ्याच बायकांच्या अंगात डांबरगोळ्यांच्या वासाचे, भाड्याचे काळे कोट! "अवं! अवं!" ओरडत दोन परक्या बायकांना वळवलं. चारचौघांत एकमेकांचं नाव घ्यायची आमच्या बालाघाटकडे रीत नव्हती. आज हसू येतं, पण तेव्हा एकच घोर लागला होता. सासऱ्यांना काय तोंड दाखवू? तेवढ्यात रडवेली हाक आली, "ओ बालाघाटवाले! कुठं गेले मले सोडून?"

धावत जाऊन तिचा गारठलेला हात धरला. "नाव घेऊन हाक मारायची ना!"

"तुम्ही घेतलं काय माहं?"