ग्रेडरसारखं काहीतरी
जुनी गादी उसवली की कापसाचा वास येतो आणि मी पुन्हा बाभुळगावच्या त्या बैठकीत जाऊन बसतो. मुलगी पाहायला गेलो होतो. कापसाला भाव नव्हता, म्हणून नोकरीवाल्या जावयांना होता. मुलीच्या मामांनी विचारलं, "काय करता?" मी रुबाबात म्हणालो, "सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर." "म्हणजे प्रोग्राम लिहिता?" "नाही, ते इंजिनिअर लिहितात." "मंग विकता?" "नाही." "हाताखाली माणसं असतीन?" "तशी कोणी नाहीत." मामांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. सोयरीक मोडते असं दिसताच माझे वडील म्हणाले, "अहो, कापूस खरेदीवर मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर नसते का? तो पेरत नाही, येचत नाही, मोजत नाही. पण त्यानं बोट लावल्याबिगर कापसाची बैलबंडी हालते काय?" मामा एकदम सावरून बसले आणि मला 'साहेब' म्हणू लागले. मलाही क्षणभर ते पटलं. मग मुलीला आणि मला ओसरीत बोलायला बसवलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही एखाद्या दिवशी गेलेच नाही, तं काय अडते?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती हसली आणि होकार आला. गादी तिच्याच माहेरची. अजूनही सुटीच्या दिवशी ऑफिसातून एकही फोन येत नाही, तेव्हा ती आधी फोनकडे पाहते, मग माझ्याकडे.