उपासाचा पश्चात्ताप

१९५७ साली, किप्पूर या ज्यूंच्या उपासाच्या सणानंतरच्या पहिल्या शनिवारी, इस्राएलमधल्या अश्केलोनच्या आमच्या प्रार्थनेच्या खोलीत माझ्या आईला प्रभुभोजन नाकारलं गेलं. भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे सरकलं. ज्यांनी ते सरकवलं तेच दर आठवड्याला पवित्रतेवर बोलतात, म्हणून मी हे लिहिते आहे.

आई नगरकडची ख्रिस्ती, वडील ठाण्याचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. लग्न झाल्यापासून आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, सुनेच्या हातचं खाल्लं नव्हतं. मुंबईत नाही आणि इथे दोन खोल्यांत येऊन पडलो तरी नाही. तिची चूल वेगळी, पातेली वेगळी. आईही कमी नव्हती. आजीला ती "म्हातारी" म्हणायची, तेही ऐकू जाईल असं.

इथे सुट्टी शनिवारची, म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीची सभाही शनिवारीच. तिथे दर वेळी एकेकाने उभं राहून सांगायचं, या आठवड्यात मी पवित्रतेत कुठे वाढलो. कुणी सिगारेट सोडलेली असे, कुणी सिनेमा. आई बसून राहायची. म्हणायची, "सासूशी अबोला धरून कसली साक्ष देऊ?"

किप्पूरला आमच्या घरी दारफाळणीचा सण म्हणतात. दार लावून घ्यायचं, दिवसभर कडक उपास, बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही. आदल्या दिवशी एकमेकांची माफी मागायची. त्या वर्षी आई आपणहून आजीपुढे जाऊन उभी राहिली.

"सासूबाई, माझं चुकलंमाकलं पोटात घाला."

"उद्या उपास, आणि आज मला हे वाढतेस होय गो?" आजी म्हणाली. मग तिनेच पुढे म्हटलं, "माझंही चुकलं. उद्या बस माझ्याबरोबर. दार मी लावते."

आई बसली. पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. तो दिवस शनिवारचा, त्यामुळे मंडळीची सभा चुकली. संध्याकाळी उपास सुटल्यावर आईने पुऱ्या तळल्या, आणि आजीने हात पुढे करून एक घेतली.

पुढच्या शनिवारी आई पहिल्यांदा साक्षीला उभी राहिली. ती मराठीत बोलत होती, मराठी न कळणाऱ्या पाळकांना मी इंग्रजीत सांगत होते. त्यांचा चेहरा आखडत गेला. म्हणे ही बाई ख्रिस्ताची कृपा टाकून यहुद्यांच्या नियमशास्त्राच्या जोखडाखाली परत गेली! सर्वांसमोर त्या उपासाचा पश्चात्ताप केल्याशिवाय तिला भाकर मिळणार नाही. हे आईला मराठीत सांगणार कोण? मलाच सांगावं लागलं.

"उपासाचा पश्चात्ताप?" आई म्हणाली. "अगं, वर्षभरात तेवढा एकच दिवस मी कुणाला वाईट बोलले नाही. विचार त्यांना, त्याचा करू?"

मी विचारलं. उत्तर म्हणून ताट पुढे गेलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "सिगारेट सोडली की पवित्र, आणि वैर सोडलं की पापी?" सगळे चावत राहिले.

घरी आजीने ऐकलं. "तुझ्या लोकांनी तुला जेवायला नाही घातलं? माझ्यावर गेले की काय गो ते?" आई हसली. मला हसू आलं नाही.

मुंबईत दारूबंदीची पत्रकं लिहून माझी लेखणी घडली; तिला गुळमुळीत बोलता येत नाही. या लिखाणात सगळ्यांची नावं होती. ती आईने खोडायला लावली. नावं गेली. राग मी खोडलेला नाही, खोडणार नाही. आई अजून दर शनिवारी जाते, शेवटच्या बाकावर बसते, ताट तिला ओलांडून जातं. का जातेस, म्हटलं तर म्हणते, "ते जेवण त्यांच्या घरचं थोडंच आहे?"

तुम्ही नगरला असा, पुण्याला असा, तुमच्याही मंडळीत अशी कुणीतरी मागे बसते. कोण, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. येत्या रविवारी तुमची ठरलेली जागा सोडा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा. ताट तिला ओलांडून तुमच्याकडे आलं, तर भाकरीला हात लावू नका. ते मागे फिरवा आणि आधी तिच्या हातात द्या.