मनुरेवाच्या टालियाचा अर्ज

माझ्या हातून चूक झाली, हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा उच्चारलेले नाही. बेचाळीस वर्षे शाळेत काढल्यावर दुसऱ्यांच्या चुका मोजण्याचीच सवय लागते. म्हणून आज चहाचा कप बाजूला ठेवते, नीट बसते आणि सांगते. हसायचे तर खुशाल हसा. मात्र मध्येच नव्हे, शेवटी.

मी निवृत्तीनंतर मुलीकडे, परदेशात पापाकुराला राहायला आले. आमची मुक्ता तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये अडचणीतल्या विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य देण्याचे काम करते. देशभरातल्या कॉलेजांतून हे काम करणाऱ्या मंडळींची एक संघटना आहे आणि मुक्ता तिची अध्यक्ष. संघटना म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कचेरी, पाटी, शिपाई उभा राहिला असेल ना? छे! ही अखिल देशाची संघटना आमच्या जेवणाच्या टेबलावरून चालत असे. डाव्या बाजूला पत्रव्यवहार, उजव्या बाजूला कुकर.

ही गोष्ट २०१६ची. वार्षिक कार्यशाळा आठवड्यावर आली आणि संघटनेची सचिव बाळंतपणाच्या रजेवर गेली. मुक्ताच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी आहे ना!" मी म्हणाले.

"आई, प्लीज. तुला हे काम माहीत नाहीये."

"अकरा वर्षे मुख्याध्यापिका होते मी. तुमची चाळीस माणसे म्हणजे माझा अर्धा वर्ग."

मग ख्राइस्टचर्चजवळच्या हॉर्नबीहून उपाध्यक्ष हेदरचा फोन आला. माझे नाव वत्सला. माझ्याहून तीस वर्षांनी लहान असलेली ती बाई पहिल्याच वाक्यात मला म्हणाली, "थँक्स हीप्स, वत्स!" एखाद्या ऋषीने शिष्याला म्हणावे तसे! मी ते सहन केले. संस्थेसाठी माणसाला बरेच सहन करावे लागते.

सोमवारी सकाळी मुक्ताने घाईघाईत एक फाइल माझ्या हाती दिली. "आई, याच्या चाळीस कॉपीज काढ, पाकिटांत घाल आणि सील कर. शुक्रवारी वर्कशॉपला सगळ्यांना द्यायच्यात. मी पळते, माझी ट्रेन जाईल."

फाइलवर मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' असे छापलेले होते. आता तुम्हीच सांगा, शिक्षिकेच्या हातात कागद द्यायचा आणि तिने तो वाचायचा नाही, असे कधी घडले आहे का?

तो एका मुलीचा अर्ज होता. टालिया नावाची, एकोणीस वर्षांची, मनुरेवाला राहणारी. परिचारिकेचा अभ्यासक्रम शिकत होती. आई पहाटेपासून भाजीच्या मळ्यावर, घरी दोन धाकटे भाऊ, बुटाचा तळ फाटलेला आणि अभ्यासाला लॅपटॉप नाही. 'शुक्रवारपर्यंत मदत मिळाली नाही, तर मी कॉलेज सोडणार आहे', असे तिने शेवटी लिहिले होते.

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी संघटनेविषयीचा आदर दुणावला. केवढी ही तळमळ! एका मुलीचा प्रश्न सोडवायला देशभरातून चाळीस अधिकारी विमानाने येणार! आपल्याकडे अर्जावर साधी सही मिळवायची तर चार हेलपाटे पडतात.

मात्र दुसऱ्या वाचनात माझी नजर अडखळली. पहिल्या पानावर आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिसऱ्या पानावर तीच आजी नातवांना चालत शाळेत पोहोचवत होती. शिवाय मनुरेवाहून पापाकुरातल्या कॉलेजात ही मुलगी म्हणे चाळीस मिनिटांत चालत येते.

चाळीस मिनिटांत? मला राहवेना. मंगळवारी पायात बूट चढवले, हातात घड्याळ धरले आणि निघाले. मला सव्वादोन तास लागले. एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याहून झपझप चालेल, हे मी मान्य करते. पण चाळीस मिनिटांत यायला ती मुलगी नव्हे, घोडा हवा!

तशीच अर्जातल्या पत्त्यावर गेले. घर क्रमांक बावन्न. रस्ता अडतीसला संपला. पुढे कुंपण आणि कुंपणापलीकडे एक कुत्रा.

कोपऱ्यावर एक डेअरी होती. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे बरे का! इकडे गल्लीतल्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. मालक फिजीकडचे, नाव राजेशभाई.

"आंटी, हियाँ बावन नंबर कभी था ही नहीं," ते म्हणाले. "किसको ढूँढती हो?"

मी नाव सांगितले नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता! फक्त एवढेच सांगितले, की एकोणीस वर्षांची आहे, परिचारिकेचे शिकते, दोन धाकटे भाऊ आहेत, आई मळ्यावर जाते आणि बूट फाटले आहेत.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचार करत बसले. मुलगी खोटे का बोलते? इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलेली आहे. ज्या मुलाच्या सबबी एकमेकींशी जुळत नाहीत, ते मूल त्याहून मोठे काहीतरी लपवत असते. आणि पापाकुरा स्टेशन येता येता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घराला नंबर नाही, कारण मुलीला घरच नाही! बिचारी कॉलेजच्याच आसपास कुठेतरी, एखाद्या मोटारीत वगैरे झोपत असणार. म्हणून तर चाळीस मिनिटे!

मी धावत जाऊन राजेशभाईंना फोन केला.

"घर नहीं है?" ते हळहळले. "अरे राम राम! आंटी, तुम चिंता मत करो."

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की सामान घेऊन जा. मी जावयांना गाडी काढायला लावली. दुकानात तांदळाची दोन पोती, डबाबंद मासे, तीन ब्लँकेटे, एक जुना पण चालू लॅपटॉप आणि वेगवेगळ्या मापांचे गमबुटांचे सहा जोड रचून ठेवलेले होते. सगळा मोहल्ला पाझरला होता!

"आई, हे सगळं कुणासाठी?" जावयांनी विचारले.

"ते गोपनीय आहे," मी म्हणाले.

शुक्रवारी कार्यशाळा भरली. 'किआ ओरा', म्हणजे इकडचे नमस्कार-चमत्कार, झाले, चहा झाला. मुक्ताने मला कोपऱ्यात बसवून बजावले, "आई, तू फक्त मिनिट्स लिहायचीस. बोलायचं नाही. प्रॉमिस?"

"सचिव सभेत बोलत नसतो, हे मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

हेदरने पाकिटे वाटली. सगळ्यांनी अर्ज वाचला. मग कुजबुज सुरू झाली. आजीचे जुळत नाही, म्हणाला एक. अंतराचा हिशेब चुकतो, म्हणाली दुसरी. एका टाय लावलेल्या गृहस्थाने तर सरळ 'नामंजूर' असे लिहून पेन खाली ठेवले.

पेन खाली ठेवले! आणि ती पोर आज संध्याकाळी कॉलेज सोडणार होती!

मी उभी राहिले. "अध्यक्ष महोदया!" मी माझ्या पोटच्या मुलीला उद्देशून इंग्रजीत म्हणाले. मुक्ताने नुसती मान हलवली. ती 'नको' अशी हलवली होती, हे मला नंतर समजले.

मी सर्व सांगितले. सव्वादोन तास, अडतीसला संपलेला रस्ता, तो कुत्रा. बेघर मुलगी लाजेने पत्ता कसा रचते, ते सांगितले. आजी अंथरुणाला खिळूनही नातवांसाठी कशी उठत असेल, ते सांगितले. लॅपटॉप आणि गमबूट बाहेर गाडीत तयार आहेत, हेही सांगितले. दोघीतिघी रडू लागल्या.

"आणि शेवटची ही ओळ बघा," टायवाले गृहस्थ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सगळा अर्ज टाइप केलेला, आणि एवढीच ओळ तिनं हातानं लिहिलीय." त्यांनी 'नामंजूर' खोडले.

हेदरने मत घेतले. चाळीसच्या चाळीस हात वर! मी अभिमानाने मुक्ताकडे पाहिले. ती दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसली होती. मला वाटले, गहिवरली.

"आई," ती मराठीत म्हणाली, "टालिया नाहीये."

"तेच तर मी सांगते आहे! त्या पत्त्यावर नाही, म्हणजे..."

"कुठेच नाहीये! मी बनवलीय तिला. मागच्या रविवारी, घरी टेबलावर बसून. तू शेजारी मेथी निवडत होतीस!"

सभागृहात मराठी कोणालाच येत नव्हते. पण माझा चेहरा सर्वांना वाचता आला असावा.

मग उलगडा झाला. मुक्ताचा बेत असा होता: कोणाला न सांगता एक खोटा अर्ज रचायचा, त्यात मुद्दाम विसंगती पेरायच्या आणि एकाच कागदावर चाळीस माणसे चाळीस वेगळे निर्णय कसे देतात, हे पाहायचे. दुपारचे संपूर्ण सत्र त्या मतभेदांवरच व्हायचे होते. आणि मी पाच मिनिटांत एकमत घडवून आणले होते!

"तीन ट्रॅप्स होते त्यात," मुक्ता म्हणाली. "तिन्ही तू पकडलेस. आणि तिन्हींचा उलटा अर्थ लावलास!"

तांदूळ, लॅपटॉप आणि गमबूट कॉलेजच्या मदतकक्षात गेले. तिथे खऱ्याखुऱ्या गरजू विद्यार्थ्यांची उणीव नव्हती. पण दुपारी करायचे काय? मुक्ता रडवेली झाली होती. अध्यक्ष म्हणून ती तिची पहिलीच कार्यशाळा होती.

तेव्हा हेदर माझ्याजवळ आली. "वत्स, तुझी हरकत नसेल, तर दुपारी तुझीच केस घेऊ का?"

हरकत कसली घेणार? फळ्यावर प्रश्न लिहिला गेला: 'एका स्वयंसेविकेने गोपनीय अर्ज वाचला आणि ती परस्पर चौकशीला गेली. तिने किती नियम मोडले?'

काय रंगले म्हणून सांगू सत्र! कोणी म्हणे चार, कोणी म्हणे नऊ. राजेशभाईंना नाव सांगितले नाही, पण बाकी सर्व सांगितले, हा नियमभंग अर्धा की पूर्ण, यावर वीस मिनिटे हमरीतुमरी झाली. मुक्ताचा चेहरा खुलला. तिला हवे होते तसे भांडण अखेर मिळाले.

शेवटी हेदरने निकाल दिला: नऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सभावृत्तान्तात 'नऊ' लिहायला घेतले. पण हात पुढे सरकेना. उत्तर चुकीचे होते. आणि चुकीचे उत्तर बरोबर म्हणून वहीत जाऊ देणे, हे माझ्याने आजवर झालेले नाही.

मी पुन्हा उभी राहिले. "दहा," मी म्हणाले.

"आई, बस खाली," मुक्ता पुटपुटली.

"अर्जातला शेवटचा प्रश्न होता: 'आणखी काही सांगायचे आहे का?' ती जागा कोरी होती. मला कोरी जागा बघवत नाही. प्रती काढण्यापूर्वी, 'मला दया नको, मला परिचारिका व्हायचे आहे', ही ओळ तिथे मीच लिहिली."

टायवाल्या गृहस्थांनी आपला अर्ज पुन्हा उघडला.

"तरीच!" मुक्ता किंचाळली. "मी ती लिहिलीच नव्हती!"

सभावृत्तान्ताची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे: 'सचिवांनी एकूण दहा नियम मोडले. सूचक: सचिव. अनुमोदक: सचिवांची मुलगी. ठराव एकमताने मंजूर.'