दवाखान्यामागचं सूप

आमचे हे कुठलंही हॉटेल पुढून बघत नाहीत. पुढून काय, सगळीच हॉटेलं हसतात, असं त्यांचं म्हणणं. यांची नोकरी विजेचे मीटर वाचण्याची, आणि मीटर नेमके असतात इमारतीच्या मागे, जिथे भांडी घासतात, कांदे सोलतात आणि आचारी सिगारेट ओढत मालकाला शिव्या घालतात. त्यामुळे कोणाकडे तेच तेल किती वेळा तापतं, कोणाकडे मांजर पिठाच्या डब्यावर झोपतं, कोण नाक पुसलेल्या फडक्याने ताटं पुसतो, हे सगळं यांना ठाऊक. एखाद्या चकचकीत हॉटेलाचं कोणी कौतुक केलं की हे नुसतं गालात हसतात. त्या हसण्यानंतर त्या माणसाला तिथे पुन्हा जेवण जात नाही.

आठवडाभर असं हेरून ठेवायचं आणि रविवारी आम्हाला न्यायचं, हा यांचा शिरस्ता. आम्ही म्हणजे मी आणि आमची लेक. लेक कापडाच्या दुकानात कामाला आहे, आठवडाभर उभी असते, पण रविवारच्या या वरातीला कधी नाही म्हणत नाही. आधी तळ्याकाठी एक फेरी, मग जेवण. खोटं कशाला बोलू, यांनी शोधलेल्या जागा नामी असतात. छापखान्याच्या जिन्याखाली एक बाई अंड्याचे गरम पाव करते, ते यांच्यामुळेच कळलं. बस डेपोच्या मागे एक म्हातारा मासे भाजतो, त्याच्याकडे बसायला नीट बाकही नाही, पण हात असा की काटे चोखत बसावं.

पण शोधून ठेवलेली जागा म्हणून सरळ आत जायचं, असं नाही. आम्ही दोघींनी बाहेर थांबायचं. हे मागच्या बाजूला जाऊन खात्री करून येणार. काय सांगावं, आठवड्यात आचारी बदलला असेल! येताना हसत आले तर आत शिरायचं, मान हलवत आले तर पुढे चालू लागायचं. एका रविवारी असं चार ठिकाणी मान हलली आणि शेवटी आम्ही बागेत बसून केळी खाल्ली. केळंही यांनी आधी उलटसुलट करून बघितलंच.

बाहेरची गोष्ट सोडा. हाच खाक्या घरात. जेवायला बसण्याआधी प्रत्येक भांड्याचं झाकण उचलणार, वाकून वास घेणार आणि विचारणार, “कधीचं आहे हे?”

“आत्ताचं आहे. अजून उकळतंय, दिसत नाही का?”

“आत्ताचं म्हणजे कधीचं?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक लग्नाची झाली, पण या माणसाने एकदाही माझ्या जेवणाला ‘छान’ म्हटलेलं नाही. गुपचूप संपवलं म्हणजे आवडलं असं आपण समजून घ्यायचं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, म्हणून मीही समजून घेत राहिले. पण मनात एक हट्ट धरून बसले होते. आपलं एक तरी भांडं असं असावं, ज्याचं झाकण यांनी उचललेलं नाही.

ते मला मिळालं दवाखान्यामागच्या गल्लीत. शेजारणीला घेऊन एकदा मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिचा नंबर लागेपर्यंत मागच्या गल्लीतल्या खानावळीत जाऊन बसले. पेशंटचे नातेवाईक तिथे येऊन काहीतरी पोटात ढकलतात आणि परत वॉर्डात जातात. मी भोपळ्याचं सूप मागवलं. ते भोपळ्याच्या आंघोळीचं पाणी होतं. मालकीण डोक्यावर टोपी घालून गल्ल्यावर ताठ बसली होती, सगळे तिला कॅप्टन म्हणत होते. मी जाऊन तोंडावर सांगितलं, “हे आजारी माणसाच्या माणसांना देता? ती पण आजारी पडतील.”

“तोंड चालवणं सोपं असतं, बाई,” कॅप्टन म्हणाली. “उद्या या आणि करून दाखवा.”

गेले. करून दाखवलं. त्याला वर्ष होऊन गेलं. हे सकाळी मीटर वाचायला बाहेर पडले की मी बसने तिथे जायची आणि हे परत यायच्या आत घरी. मैत्रिणीची आई अंथरुणाला खिळली आहे, तिला सोबत करायला जाते, असं घरी सांगून ठेवलं होतं. तो भाग यांच्या हद्दीत येत नव्हता, तिथले मीटर यांचा एक मित्र वाचायचा. तरी रोज मागचं दार वाजलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची.

मग यांना संशय आला.

एका संध्याकाळी मी दार उघडलं, तर यांनी भांड्यांकडे न जाता माझाच वास घेतला. “साबण बदललास का?”

“नाही बाई,” म्हणाले मी. घाबरले की मी यांनाही बाई म्हणते.

पुढच्याच आठवड्यात मी केस खांद्याच्याही वर कापून आले. “उकडतं,” एवढंच सांगितलं. हे माझ्या मानेकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि जेवणावरून उठून गेले. झाकणही उचललं नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं, यांना कळलं. त्यानंतर माझ्या ताटावर पहारा बसला. “एवढंच? अजून घे. काल पण नाही खाल्लंस.” आता दिवसभर चव घेऊन घेऊन पोट भरलेल्या बाईने रात्री काय खायचं? पण ते सांगता येत नव्हतं. मी म्हणायची, भूक नाही. हे म्हणायचे, हं. त्या ‘हं’ने माझी झोप उडवली.

बापलेक गॅलरीत कुजबुजायला लागले. मी गेले की गप्प. एकदा लेक माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, तुला मला काही सांगायचंय का?”

“तुला काही सांगायचंय का?” मी उलट विचारलं. दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

एका शनिवारी यांचा तो मित्र, दवाखान्याकडचे मीटर वाचणारा, घरी चहाला आला. माझ्याकडे बघेना. कप खाली ठेवून निघताना मात्र हळूच म्हणाला, “वहिनी, तब्येतीला जपा.” चोराच्या मनात चांदणं! मी त्याचा अर्थ लावला: सांभाळून राहा, आम्हाला सगळं कळलंय. याने मला त्या थांब्यावर उतरताना बघितलं आणि घरी येऊन चुगली केली. त्या दिवसापासून मी त्याला चहात साखर कमी घालते.

कहर म्हणजे एकदा माझी पर्स यांच्या हातात सापडली. “सुट्टे बघत होतो,” म्हणाले. मी आकाशपाताळ एक केलं. माझ्यावर पाळत ठेवता? मी काय चोर आहे? एरवी हे एकाला दोन उत्तरं देतात. त्या दिवशी खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “चिडू नकोस, तुला त्रास होईल.” मला राग पुरेनासा झाला आणि भीती वाटायला लागली. जो माणूस भांडत नाही, त्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

त्यातच कॅप्टनने मला बाजूला घेतलं. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, ती मुलाकडे राहायला जाणार होती. “खानावळ तुम्ही चालवा. तुमच्या नावाने. रविवारसकट. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर समोरचा चहावाला टपूनच बसलाय.” मी त्या ओट्यापाशी उभी राहिले आणि मला रडायला आलं. मला ती खानावळ हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं वाटलं नव्हतं. पण चोरून स्वयंपाक करता येतो, चोरून मालकीण होता येत नाही. घरी सांगावं लागणार होतं. आणि सांगितलं की हे मागच्या दाराने आत येणार, माझ्या चुलीवरची सगळी झाकणं उचलणार आणि कॅप्टनसमोर विचारणार, कधीचं आहे.

शनिवारी रात्री जेवताना हे म्हणाले, “उद्या एक जागा बघून ठेवलीय. मोठ्या दवाखान्याच्या मागे.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. बरोबर. कट शिजलेला होता.

रविवारी तळ्याची फेरी नाही. थेट बस. चढताना यांनी माझं कोपर धरलं, उतरतानाही धरलं. आरोपीला नेतात तसं चाललं होतं. खानावळीपाशी आल्यावर मी सवयीने बाहेर थांबले, तर हे सरळ आत.

“मागे बघून नाही आलात?”

“नको. चल, बस.”

मग माझी खात्रीच पटली. या माणसाने मागची बाजू बघितल्याशिवाय कधी पाणी प्यायलेलं नाही. आज बघत नाही, म्हणजे आधीच बघून झालंय. आता मला समोर बसवून तमाशा करणार.

कॅप्टनने मला बघितलं आणि तिच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या. पण बाई हुशार. “या, पहिल्यांदाच आलात वाटतं?” असं इतक्या मोठ्याने म्हणाली की चार टेबलांना संशय आला असेल. यांनी भोपळ्याचं सूप आणि कांद्याचा पाव मागवला. रविवारी मला सुट्टी, म्हणून शनिवारी मी करून ठेवायची आणि कॅप्टन गरम करून वाढायची. माझंच सूप माझ्यासमोर आलं. यांनी वास घेतला नाही. वाडगा माझ्याकडे सरकवला.

“खा.”

रोज पातेलंभर ढवळणाऱ्या बाईच्या घशाखाली ते कसं उतरणार? “भूक नाही हो.”

यांचा चेहरा पडला. असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. “एक चमचा घे. माझ्यासाठी. अगं, चव बघ तरी, अगदी तुझ्या हातची आहे. इतकं छान सूप मी... घरचं तुला जात नाही, म्हणून म्हटलं इथलं तरी जाईल.”

छान! इतक्या वर्षांनी तो शब्द या माणसाच्या तोंडातून निघाला, आणि तोही दुसऱ्या बाईला दिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कट, खानावळ, सोमवार, काही आठवलं नाही.

“माझ्या हातची असणारच!” मी ओरडले. “मीच केलंय ते!”

कॅप्टनचा वाढायचा डाव हवेतच थांबला. आणि या माणसाने काय करावं? वाकून वाडग्याचा वास घेतला. देवाशपथ सांगते. वास घेतला आणि विचारलं, “कधीचं आहे?”

“कालचं आहे! फ्रीजमधलं! काय म्हणणं आहे?”

“आई,” लेक मध्येच म्हणाली, तिचा आवाज कापत होता, “म्हणजे तू इथे येतेस? दवाखान्यात नाही?”

“दवाखान्यात कशाला मरायला जाऊ?”

यांनी अगदी हळू विचारलं, “म्हणजे तू आजारी नाहीस?”

“मला काय धाड भरलीय?”

“मग केस?”

“भट्टीसमोर उभं राहून बघा, तुम्ही पण कापाल.”

“आणि तो दवाखान्याचा वास?”

“भांड्यांचा साबण आहे. दवाखान्याला जो माणूस साबण देतो, तोच इथे देतो.”

“पण वजन उतरलंय तुझं. खात नाहीस. पर्समध्ये औषधंसुद्धा सापडली नाहीत, मला वाटलं तू उपचारच सोडून दिलेस.”

एवढं बोलले आणि टेबलावर डोकं टेकवून रडायला लागले. हुंदके देऊन, भर खानावळीत, पाठ हलत होती. लेकही रडत होती आणि रडता रडता मला सांगत होती की बाबा कितीतरी दिवस सकाळची कामं उरकून दवाखान्यात येऊन बसत होते, एकेका मजल्यावर, बाकावर, मी कुठल्या दारातून बाहेर येते ते बघायला. मला विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मी सांगत नाही म्हणजे सांगण्यापलीकडचं काहीतरी असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि मी त्या सगळ्या वेळात भिंतीच्या पलीकडे भोपळे कापत होते.

“हे बुधवारी आले होते की,” कॅप्टन म्हणाली. “तुम्ही गेल्यावर. कोपऱ्यात बसून सूप पीत होते आणि डोळ्यांतून नुसती धार. मला वाटलं, बाईंच्या हातून मिरी जास्त पडली.”

मी यांच्या पाठीवर हात ठेवला. मी वर्षभर भीत होते की हा माणूस मला पकडेल. आणि हा माणूस भीत होता की मी मरेन. एकाच घरात, एकाच पलंगावर आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून जागे राहत होतो. मला स्वतःचा राग आला, यांचा आला आणि मी तो चमचा उचलला आणि माझं कालचं सूप गिळलं. मीठ बरोबर होतं.

“सांगितलं का नाहीस?” हे डोळे पुसत म्हणाले.

“तुम्ही येऊन झाकणं उचलली असती.”

यांनी क्षणभर विचार केला. “उचलली असती,” म्हणाले. खोटं बोलायचं नाही, एवढा एक गुण आहे.

कॅप्टन अजून तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. “सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?” मी म्हणाले. “घेते मी खानावळ. रविवारसकट.” हे घाईघाईने मान डोलवत होते. नवऱ्याला आधी नीट विचारायला हवं होतं का? हवं होतं. पण त्या घडीला मी राहतं घर विकलं असतं, तरी हे हो म्हणाले असते. मी वेळ साधली, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.