लग्नाच्या सीडीतला प्रोफेसर

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे आमच्या भागात संशयानेच बघतात. परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाने वर्गात शिकवलेलं सगळं शूटिंग करून इंटरनेटवर फुकट ठेवलंय, हे मी ओतूरच्या फोटो स्टुडिओवाल्याला सांगितलं, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग कॉम्प्युटरकडे रागाने पाहिलं. "फुकाट? मंग त्यात कायतरी खोट आसंल, ताई."

हा गृहस्थ लग्नांचं शूटिंग करायचा आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत इंटरनेट चालवायचा. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय गणित. आमचे सर वहीत बघून फळ्यावर लिहीत, आम्ही फळ्यावर बघून वहीत, आणि गणित दोन्हीकडून सुखरूप निसटून जाई. त्या परदेशी प्रोफेसरचं एक व्याख्यान मी अडकत-अडकत पाहिलं आणि हे सगळं कशाबद्दल चाललंय ते पहिल्यांदा कळलं. इतका आनंद झाला की आमच्या गावाची, पिंपरी पेंढारची एसटी डोळ्यांदेखत गेली तरी वाईट वाटलं नाही. पण घरी कॉम्प्युटर नव्हता. टीव्ही होता आणि सीडी प्लेअर होता. म्हणून व्याख्यानांच्या सीडी करून द्यायचं काम स्टुडिओवाल्याने अंगावर घेतलं.

ते त्याने हात बसला होता तसंच केलं. सुरुवातीला गणपती, मग सनई, मग वरून गुलाबाच्या पाकळ्या, त्यातून उघडणारा एक बदाम आणि बदामात हातात खडू घेतलेला पांढऱ्या केसांचा प्रोफेसर. मी तक्रार केली तर म्हणाला, "गनपतीबिगर आपल्याकडनं सीडी भाईर जात न्हाई." कव्हरंही त्याच्याकडे एकाच जातीची होती, कलश आणि वर 'शुभविवाह'. मला हसू आवरेना. अशा सीडींची चळत आमच्या टीव्हीखाली, थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या सीडीशेजारी साठत गेली.

त्या बहिणीचं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं होतं. चांगलं स्थळ आलं आणि तिची पुस्तकं माळ्यावर गेली. आता माझी पाळी होती. घोडेगावकडचं एक स्थळ चालून आलं, मुलगा चाकणच्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्यांना लग्न परीक्षेच्या आधी हवं होतं. "शिकून तरी काय करायचंय?" हा प्रश्न घरात कुणीही कुणालाही विचारत होतं, फक्त मला सोडून. माझा नुसता जळफळाट होत होता.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि सगळं बोलणं ज्याच्या हाती होतं तो मामा. पोहे झाले, चहा झाला. आमच्याकडे मग आधीच्या लग्नाची सीडी दाखवतात, म्हणजे आपण मानपान कसा करतो ते पाहुण्यांना न बोलता कळतं. वडील स्वतः उठले आणि चळतीतलं वरचं कव्हर उचललं. ती सीडी मी आदल्याच दिवशी आणलेली होती, अजून पाहिलेलीही नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ओरडता आलं असतं. मी मुळीच ओरडले नाही.

गणपती आला, सनई वाजली, पाकळ्या पडल्या. मामा सरसावून बसला. बदाम उघडला आणि प्रोफेसर बोलू लागला.

कुणीही दचकलं नाही. आमच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी कुणी ना कुणी पुढारी माइक धरून आशीर्वादाचं भाषण ठोकतोच. अक्षता हातात घेऊन गप बसायची सवय वऱ्हाडाला लागलेली असते. मामा अदबीने म्हणाला, "कोन साह्यब म्हनायचं हे?"

वडिलांनी घाम पुसला. "मोठं हायती."

"इंग्रजीत आशीर्वाद? लई भारी, राव."

साहेब पाठ फिरवून फळ्यावर आकडे मांडायला लागला, तेव्हा मुलाच्या आईची चुळबूळ सुरू झाली. मामाने भाच्याला कोपर मारलं, "काय म्हंतोय?" भाचा घसा खाकरून म्हणाला, "हिशोब मांडत्यात." सीडी बंद करावी तर पाहुण्यांचा अपमान, चालू ठेवावी तर आपला. वडील रिमोट मुठीत धरून नुसते बसले.

प्रोफेसरने आकड्यांची चौकट पूर्ण केली, एक कोपरा रिकामा ठेवला आणि वर्गाकडे वळून विचारलं, इथे काय येईल? वर्ग गप्प.

"मायनस तीन!" मी दारातून म्हणाले. रोज टीव्हीला उत्तर द्यायची सवय, तोंडातून निघून गेलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. टीव्हीत प्रोफेसरने हसून त्या कोपऱ्यात मायनस तीन लिहिलं. वडिलांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे. मला वाटलं, आता संपलं. आता माझीही पुस्तकं माळ्यावर.

मामा समजूतदारपणे हसला. "पोरगी हुशार हाय. आमाला पसंत हाय. शाळा तेवढी थांबवा, म्हंजी तारीख धरू."

वडिलांनी रिमोट खाली ठेवला आणि हात जोडले.

"माफी करा, पावणं. पोरगी आत्ताशी कुठं जेवाय बसलीय. भरल्या ताटावरनं तिला मी न्हाई उठवायचा. एकीला उठवलं, तेवढं बास झालं."